अड्ड्यावरचे बैल आणि आठवी-नववीची मुलं

आमच्या हायस्कूलचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. प्राणीमित्र मंडळाचं काम मात्र उसाची पहिली मोळी कारखान्याच्या गव्हाणीत पडल्यावर रंगात येतं. दिवाळी आटोपते, बीड-जालन्याकडची ऊसतोड कुटुंबं येऊन अड्ड्यावर कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या करतात आणि शाळेपुढच्या रस्त्यावरून टायरगाड्यांची रांग लागते. ती मार्च उजाडेपर्यंत तुटत नाही. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. कृष्णेचं पाणी आहे, ऊस आहे, जवळच कारखाना आहे. वर्गाच्या खिडकीतून बाहेर पाहिलं की जनावर दिसतं, आणि हंगामात ते बहुधा ओझ्याखालीच दिसतं. शहरातल्या शाळांची अशी मंडळं भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी काम करतात. आमचं मंडळ ओघानंच बैलांचं झालं.

मी विज्ञान शिकवते आणि मंडळ माझ्याकडे आहे. मुलं आठवी-नववीची. दहावीतलीही नावं देतात, पण दिवाळीनंतर त्यांचे आईवडील त्यांना बोर्डाच्या अभ्यासाशिवाय कुठेच सोडत नाहीत, आणि ते मला समजतं. दर जानेवारीत १४ ते ३१ तारखेदरम्यान पशुकल्याण पंधरवडा असतो. घोषवाक्यं, चित्रकला, निबंध, गावातून फेरी असं सगळं त्यात होतं. मुलं मनापासून करतात. पण भिंतीवरचं घोषवाक्य बैलाला वाचता येत नाही, आणि गाडीवानाला थांबून वाचायला वेळ नसतो. पंधरवडा सरला की पुढे काय, हा प्रश्न दरवर्षी उरायचा. म्हणून मंडळाला एक नियम घातला: हंगामाच्या सुरुवातीला कोणी काही करायचं नाही. फक्त बघायचं, आणि बघितलेलं वहीत लिहायचं.

हे मुलांना जड जातं. एका मुलाने वहीत लिहिलं होतं, ‘त्यो बैल रडतोय.’ त्याला परत पाठवलं. म्हटलं, तुला दिसलं काय तेवढंच लिही. तो दुसऱ्या दिवशी लिहून आला: डाव्या डोळ्यातून पाणी, खाली काळा ओघळ, ओघळावर माशा, उजवा डोळा कोरडा. आता हे डॉक्टरांना दाखवता येण्यासारखं होतं. दुःखाने रडणारा बैल एकाच डोळ्याने कसा रडेल, हे त्या मुलाला वहीनेच सांगितलं. डोळ्यात उसाच्या पाल्याचं कुसळ होतं. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ते काढलं, औषध घातलं, आणि गाडी संध्याकाळी पुन्हा रस्त्याला लागली. मुलाच्या मनातली कणव तशीच राहिली, फक्त तिला जागा सापडली. माझ्या मते अशा मंडळाचं पहिलं काम हेच आहे. मुलांना प्राण्यांबद्दल माया वाटायला शिकवावं लागत नाही, ती त्यांच्याकडे असतेच. त्यांना जनावराचं शरीर वाचायला शिकवावं लागतं.

ते शिकवायला दवाखान्याचे डॉक्टर येतात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पिंपळाखाली कुणाच्या तरी घरचा बैल बांधलेला असतो. डॉक्टर भाषण करत नाहीत. बैलाच्या पुढून, त्याला आपण दिसू अशा बेताने कसं जायचं, ते आधी दाखवतात. मागून जाऊन हात लावायचा नाही. हाताचा पालथा भाग वशिंडाच्या पुढे हलकेच टेकवायचा. जू बसतं तिथलं कातडं कामाच्या बैलाचं जाड असतंच, पण जाड असणं वेगळं आणि गरम असणं वेगळं. जागा गरम लागली, फुगलेली असली, दाबल्यावर बैलाने मान चोरली, तर ती खांदेसूज. जोडीतला एक उंच आणि एक ठेंगणा असला, जू खडबडीत असलं, किंवा चार महिने बसून असलेला बैल एकदम भारी गाडीला जुंपला, की ती येते. मग डॉक्टर मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडतात. लगेच सपाट झालं तर ठीक. सावकाश खाली गेलं तर बैलाला पाणी कमी पडलंय. बरगड्यांमागची कूस वर-खाली होते ती घड्याळ लावून मोजायची. निवांत उभ्या बैलाचा श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतो. वेसण नायलॉनची आहे की सुताची, नाकपुडीला चीर गेलीय का, खुरांची पत्री झिजलीय का, रवंथ चालू आहे का, हे सगळं बघायचं. मुलं एकेक करून पुढे येतात, आणि ज्या मुलीने आयुष्यात कधी दावणीला हात लावलेला नसतो, तीही शेवटी तो गरम आणि गार यातला फरक बोटांनी ओळखते. वर्गात मी तापमान शिकवते, पण तळहाताखालचं तापमान तिथे कळतं.

कायदाही आम्ही वाचतो. १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडलं होतं. त्याच प्रयत्नांतून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये वेगळे नियम झाले. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही, टोकदार काठी वापरायची नाही. मुलं हे पाठ करतात. कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे, हे वाचल्यावर मात्र वर्ग गप्प होतो. पन्नासाचा आकडा १९६० सालचा आहे आणि अजून तोच चालू आहे. एका मुलाने विचारलं, “मॅडम, पन्नास रुपयांत काय येतं?” मला उत्तर सुचलं नाही, आणि मला वाटतं संसदेनेही ते लवकर शोधायला हवं.

पण कायदा हातात आला की मुलांच्या मनात राग येतो, आणि तो राग समोर दिसणाऱ्या माणसावर निघतो. समोर दिसतो तो गाडीवान. रस्त्यात त्याला अडवून नियम सुनवावेत, पोलिसांत जावं, व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकावा, असं मुलांना वाटू लागतं. मी त्यांना आधी त्याच्याशी बोलायला पाठवते. मोबाइल शाळेत ठेवून.

एक गाडीवान आमच्या मुलांशी बोलला तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. तो चढाच्या अलीकडे बैलांना श्वास घेऊ देत थांबला होता. मुलांनी विचारलं, “मामा, पराणीला आर आहे का?” त्याने काठी त्यांच्या हातात दिली. टोक बोथट होतं. “बघा की लेकरांनो. आर लावून टोचल्यावर बैल पळंल, पर पुढच्या साली मला बैल कोण देईल?” मग तो बोलत राहिला. मुकादमाची उचल घेतलेली, जोडी लाखाच्या पुढची, ती उचलीतूनच घेतलेली. गाडी भाड्याची, बैल स्वतःचे. पहाटे तीनला उठून नवरा-बायकोने तोडायचं, दुपारपर्यंत मोळ्या बांधून गाडी भरायची, मग कारखान्याची वाट. रात्री कोपीवर परतल्यावर आधी बैलांना वाढे टाकायचे, पाणी दाखवायचं, मग आपलं जेवण. “ह्यो बसला तर माझं घरच बसलं,” तो डाव्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. त्या कुटुंबाला आणि त्या जोडीला एकाच जुवाखाली पाहिल्यावर मुलांचा आवाज खाली आला. बैलाचे हाल हाल नव्हतेच असा याचा अर्थ नाही. खांद्याला सूज होती आणि ती मुलांनी पाहिली. पण त्या सुजेचं कारण शोधायला आता दूर जावं लागणार, हे त्यांच्या लक्षात आलं.

ते कारण सांगितलं एका मुलीने. हंगामापुरती आमच्या नववीत बसणारी, बीडकडची. तिचे वडील गाडीवान. मंडळात ती सुरुवातीला मागे बसायची, बोलायची नाही. गावची मुलं ओझ्याबद्दल तावातावाने बोलत होती तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, चालून खांदा जात नाही. उभं राहून जातो.”

तिचं म्हणणं असं होतं. गाडी केनयार्डात पोचली की नंबर लागतो. कधी दोन तास, कधी त्याच्या दुप्पट, मिलमध्ये काही बिघडलं तर रात्रभर. रांग हळूहळू सरकत असते, म्हणून बैल सोडता येत नाहीत. सोडले आणि पुढची गाडी हलली, तर मागचा मध्ये घुसतो. शिवाय दोन चाकांची भरलेली गाडी पुढे झुकलेली असते, एकट्या माणसाला जू उचलून धरता येत नाही. त्यामुळे बैल चालत नसले तरी वजन मानेवर असतंच, आणि चालताना निदान अंग हलतं, तसं तिथे हलतही नाही.

मुलांनी याची तपासणी केली. पाळीपाळीने, पालकांच्या परवानगीने, संध्याकाळी यार्डाच्या फाटकाशी बसून गाड्यांच्या वेळा टिपल्या. रस्त्यावरच्या वेळेपेक्षा रांगेतली वेळ बहुतेक दिवशी जास्त निघाली. नियमातले सलग पाच तास मोडत होते ते रस्त्यावर नाही, फाटकाच्या आत मोडत होते.

मग मी तो विषय विज्ञानाच्या तासाला घेतला. दोन चाकांची गाडी ही तरफ आहे, आस हा टेकू. ओझ्याचा भार आसाच्या पुढे जास्त असेल तर तो मानेवर येतो. मागे जास्त असेल तर जू वर उचललं जातं आणि गळ्याखालचं जुपणं घशाला काचतं. म्हणजे बैलाचं ओझं गाडीत किती ऊस आहे एवढ्यावर ठरत नाही, तो कुठे रचलाय यावरही ठरतं. शाळेच्या पटांगणात एका पालकांची रिकामी गाडी आणली, जुवाखाली वजनकाटा ठेवला आणि गाडीत मातीची पोती मांडली. पोतं वीतभर पुढे सरकवलं की काटा पळायचा, मागे घेतलं की उतरायचा. हा प्रयोग बघायला ती बीडकडची मुलगी वडिलांना घेऊन आली होती. ते बराच वेळ वाकून काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हे आमाला हाताला कळतंय, बाई. पर दिसलं आज.” मोळ्या रचताना ते बुंध्याकडची जड बाजू कशी उलटसुलट लावतात, ते त्यांनी मुलांना गाडीत चढून दाखवलं. त्या दिवशी शिकवणारे ते होते आणि आम्ही सगळे शिकत होतो.

याच तालुक्यात, इस्लामपूरजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये जुवाखाली फिरतं चाक बसवून मानेवरचा भार कमी करणारी जोडणी केली होती. ‘सारथी’ हे तिचं नाव. तिचे व्हिडिओ देशभर फिरले. आमची मुलं ते पाहून भारावली, आणि भारावणं योग्यच होतं. आपल्यासारख्याच रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत वाढलेल्या मुलांनी ते केलं होतं. पण ते चाक प्रत्येक गाडीला लागेपर्यंत काय करायचं, याचा विचार आम्हाला आमच्या ऐपतीत करायचा होता. गावच्या सुताराकडून लाकडी टेकू करून घेतले. गाडी थांबली की जुवाखाली लावायचा, हलली की काढायचा. काही गाडीवानांनी ते वापरले. काहींनी बाजूला ठेवले, कारण दर चार पावलांना खाली उतरून टेकू हलवायला माणूस लागतो आणि बायको तर कोपीवर स्वयंपाकाला गेलेली असते. हेही मुलांनी वहीत लिहिलं.

कारखान्याला पत्र लिहिलं ते मुलांनीच. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. मागण्या साध्या होत्या: यार्डात बैलांना प्यायला स्वच्छ पाण्याचा हौद, दुपारच्या उन्हाला छप्पर, आणि गाड्यांना नंबराची चिठ्ठी, म्हणजे बैल सोडून बांधले तरी पाळी जाणार नाही. शेती विभागाच्या अधिकाऱ्यांनी मुलांना बोलावून घेतलं, ऐकून घेतलं, मुलांच्या नोंदी चाळल्या. हौद झाला. कामाच्या बैलाला दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी लागतं, हे मुलांनी पत्रात लिहिलं होतं, त्याचा उपयोग झाला असावा. छप्पर झालेलं नाही. चिठ्ठीची पद्धत एका हंगामात थोडे दिवस चालली आणि बंद पडली. ट्रॅक्टरवाल्यांशी वाद होतात, असं कारण मिळालं. मुलांनी पुन्हा पत्र दिलं आहे.

रिफ्लेक्टरचं काम मात्र मुलांना सगळ्यात आवडतं. डिसेंबर-जानेवारीत दिवस लवकर मावळतो, पहाटे धुकं असतं, आणि बैलगाडीला मागे दिवा नसतो. मागून भरधाव येणाऱ्या गाडीला उसाचा ढीग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मुलांनी लाल पट्ट्या गाडीच्या मागच्या फळीला चिकटवल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या दिसेनात. ऊस फळीच्या मागे हात-दीड हात लोंबतो, पट्टी त्याच्याआड जाते. मग एका मुलाच्या आजीने युक्ती सांगितली. जुन्या पोत्याच्या तुकड्यावर पट्ट्या शिवायच्या आणि गाडी भरून झाल्यावर तो तुकडा सुतळीने उसाच्या टोकांना अडकवायचा. रिकामं करताना काढून गाडीवान कोपीवर घेऊन जातो. आता शिवणाच्या तासाला तेच पोत्याचे तुकडे शिवले जातात. या कामाबद्दल कोणी शंका घेत नाही, कारण त्यात बैलही वाचतो, गाडीवानही आणि मोटारसायकलवरचा आपला पोरगाही.

बाकीची कामंही चालतात. २०२२ च्या लम्पीच्या साथीत मुलांनी गोठ्यागोठ्यातून फिरून गोचीड-माशांचा बंदोबस्त, आजारी जनावर वेगळं बांधणं आणि लसीकरण यांबद्दल सांगितलं. हा रोग माणसाला होत नाही, हेही घरोघर सांगावं लागलं. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, मग लगेच दवाखान्यात लशीसाठी जायचं, हळद-चुना भरत बसायचं नाही, हे आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला येतं, आणि ते येत नसेल तर मी त्याला मंडळात घेत नाही. बत्तीस शिराळा जवळ असल्याने साप हा विषय तर घराघरातला आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप ओळखायचे, धामण शेतकऱ्याची मदतनीस आहे हे लक्षात ठेवायचं, आणि कुठलाही साप स्वतः धरायचा नाही.

विरोधही होतो. “पोरगं इंजिनिअर व्हावं म्हणून शाळेत घातलंय, बैलं राखायला नव्हे,” असं एका आजोबांनी मला पालकसभेत सुनावलं. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर चाललं, आणि त्यातून बाहेर पडण्यासाठीच त्यांनी नातवाला शिकवलं. त्यांची भीती खरी आहे. मी त्यांना नातवाची तरफेच्या प्रयोगाची वही दाखवली. ते काही बोलले नाहीत. नातू मात्र अजून येतो.

मला जी गोष्ट सर्वांत जास्त सलते ती बैलांबद्दलची नाही. मुलं कोप्यांवर खांदे तपासायला गेली की तिथे त्यांच्याच वयाची, शाळेत नसलेली मुलं भेटतात. लहान भावंडं सांभाळणारी, वाढे गोळा करणारी, बैलांना पाणी पाजणारी. प्राण्यांसाठी म्हणून निघालेलं आमचं मंडळ त्यांच्यापाशी येऊन थांबतं, आणि त्यांना सोडून पुढे जाणं मुलांना जमत नाही. जमू नयेच. आमची मुलं त्यातल्या काहींना शाळेत घेऊन आली. ती बीडकडची मुलगी तशीच आली होती. मार्चअखेर हंगाम संपला, गाडी जमा झाली, आणि ती वर्ष पुरं व्हायच्या आत बैल आणि आईवडिलांबरोबर गावी गेली. पुढच्या हंगामात ती आली नाही. तिचं दहावीचं काय झालं, हे आम्ही तिच्या गावच्या शाळेकडे विचारलं आहे.

ऊस पट्ट्यात ट्रॅक्टर वाढतायत, तोडणीची यंत्रंही आली आहेत. लोक म्हणतात, आणखी काही वर्षांत बैलगाडी राहणारच नाही, मग कशाला हा खटाटोप. पण यंदाच्या हंगामात ती आहे, आणि यंदा सुजलेला खांदा यंदाच दुखतो. म्हणून ऊस पट्ट्यातल्या प्रत्येक हायस्कूलच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: गाळप सुरू झाल्यावर एक शनिवार मुलांना घेऊन जवळच्या यार्डाच्या फाटकाशी जा, गाडी आत कधी गेली आणि रिकामी होऊन कधी बाहेर आली एवढंच लिहून घ्या, आणि तो कागद कारखान्याच्या शेती विभागात नेऊन द्या. आणि कारखान्याच्या संचालकांना, सभासदांना एवढंच सांगणं आहे, की नंबराची चिठ्ठी द्यायला पैसे लागत नाहीत. या हंगामापासून ती सुरू करा.